नाक मुरडण्याआधी

बारावीचे आणि त्यापाठोपाठ 'नीट'चे निकाल लागले की लातूर काय आणि आमचं नांदेड काय, आठवडाभर दुसरा विषय नसतो. 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर झालं याचा आम्हालाही अभिमान आहे. चौकाचौकांत शिकवणीवर्गांचे फलक लागतात, त्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो असतात. पण मैत्रिणींनो, फलकावर न आलेली मुलं त्यांच्या कितीतरी पट असतात, आणि त्यांतल्या मुलींचं पुढे काय होतं हे तुम्ही-मी जाणतोच. "बी.एस्सी. तर करू दे, मग बघू." हे 'मग बघू' म्हणजे स्थळं बघू.

अशा मुलींच्या आयांसाठी, आणि पदवी घेऊन पोळपाट-लाटण्याशी संसार मांडलेल्या माझ्यासारख्या तिशीतल्या बायकांसाठीही, आज एका सरकारी नोकरीबद्दल लिहायचं आहे. स्वच्छता निरीक्षकाची नोकरी. झालं! वाचता वाचता तुमचं नाक थोडं वर गेलं असणार. माझंही जायचं.

विलायतेत या नोकरीला मोठा मान आहे. तिकडे याला पर्यावरणीय आरोग्य अधिकारी म्हणतात. लिव्हरपूल शहराने १८४४ मध्ये थॉमस फ्रेश नावाच्या गृहस्थाला हे काम दिलं, तेव्हा पदाचं नाव होतं 'उपद्रव निरीक्षक'. हसू येतं खरं, पण त्याच्या कामाचं याहून नेमकं नाव सुचायचं नाही. तुंबलेली गटारं, उकिरडे, कोंदट तळघरांत दाटीवाटीने राहणारी माणसं, हे सगळं शोधून काढणं आणि मालकाला ते दुरुस्त करायला लावणं, हेच त्याचं काम. डॉक्टर आजारी माणसाला बरं करतो, हा माणूस आजारच होऊ नये म्हणून आधी येतो.

आपल्याकडे हे काम एकाच माणसाकडे नाही, वाटून दिलंय. शहरातल्या कचऱ्या-गटारांचं नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाकडे, खेड्यातलं पाणी आणि हिवताप जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवकाकडे, हॉटेल-मिठाईची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि कारखान्यांचा धूर-सांडपाणी १९७० मध्ये स्थापन झालेल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. या मंडळाची कार्यालयं नांदेडलाही आहेत आणि लातूरलाही.

हा विषय माझ्या घरात शिरला तो माझ्या धाकट्या नणंदेमुळे. तिची मुलगी लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. दोनदा नीट दिली होती, थोडक्यात हुकली. आता पोरगी म्हणते, मी स्वच्छता निरीक्षकाची पदविका करणार. नणंदबाईंचा रात्री दहा वाजता फोन. "वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता, तुमचं ऐकते ती. जरा समजवा तिला. उद्या कुणी विचारलं मुलगी काय करते, तर काय सांगू, गटारी बघते म्हणून?"

मी "बोलते" म्हटलं. बोलायचं कुणाशी, मुलीशी की आईशी, ते मात्र फोन ठेवल्यावर ठरवलं.

कारण स्पष्टच बोलायचं तर गटारीचा वास हे निमित्त आहे. झाडू आपण पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या हातात दिला, आणि त्या झाडूच्या आसपास आपली मुलगी दिसू नये, ही आतली गोष्ट आहे. लग्नाच्या बैठकीत ती कुणी उघड बोलत नाही एवढंच. गाडगेबाबांच्या तसबिरीला आपण हार घालतो, २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवतो, शाळेत त्यांच्यावर निबंध लिहून घेतो. मी स्वतः दरवर्षी घेते. पण निबंधात पहिली आलेली मुलगी पुढे या खात्यात जाते म्हणाली, तर आपणच तिला मागे ओढतो.

मुलीशी बोलण्याआधी हे काम नेमकं असतं तरी काय, ते बघावं म्हटलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई जवळच्या एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक आहे. पालकसभेला ती नेहमी धापा टाकत, बूट चिखलाने भरलेले अशी यायची. एका शनिवारी मी तिच्याबरोबर हिंडले.

सकाळी सहाला हजेरी. सफाई कामगारांची नावं पुकारून कुणी कुठल्या गल्लीत जायचं ते ठरलं, दोघी आल्या नव्हत्या म्हणून एका प्रभागाची माणसं दुसरीकडे वळवली. मग घंटागाड्या निघाल्या. एका कामगाराच्या हातात मोजे नव्हते, त्याला तिने परत पाठवलं आणि भांडार उघडायला लावून मोजे दिले. मला म्हणाली, "बाई, हे माझं पहिलं काम. माणसाला मैला हाताने उचलायला लावणं, साधनांवाचून गटारात उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वरून कितीही घाई असली तरी मी माणूस आत उतरवत नाही." हे ऐकल्यावर 'झाडूवाल्यांवरचा मुकादम' ही माझ्या मनातली व्याख्या गळून पडली. या नोकरीतला अधिकारी चांगला असेल तर सर्वांत आधी त्या माणसांचे जीव वाचतात, ज्यांच्याकडे आपण बघतही नाही.

नंतर ती नळाच्या पाण्याकडे वळली. आपल्या गावांत पाणी रोज चोवीस तास नसतं. नळ बंद झाला की पाइपातला दाब जातो, आणि पाइप जिथे गटारीजवळून गेला असेल, फुटका असेल, तिथे बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नळाला आलेलं पहिलं गढूळ पाणी आपण सोडून देतो ना, ते बरोबरच आहे. पण त्यावर थांबून चालत नाही. तिने गल्लीच्या अगदी शेवटच्या घरी काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, झालं नाही तर नाही. ओ.टी. टेस्ट म्हणतात तिला. शेवटच्या घरी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. टाकीजवळच्या घरी पाणी पिवळं होऊन उपयोग नाही. कावीळ आणि गॅस्ट्रो नेहमी शेवटच्या घरापासून सुरू होतात, असा तिचा अनुभव.

यात गणितही आहे, तेही आपल्या मसाल्याच्या प्रमाणासारखं. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपण टीसीएल म्हणतो ती, हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागते. वीस हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम. टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. आणि पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरचा कस जातो, हिंगाच्या उघड्या डबीसारखा. मग प्रमाण बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. कागदावर मात्र सगळं ठीक दिसतं.

दुपारी डासांचं काम. आणि इथे मला जे दिसलं, त्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. डेंग्यूचा डास गटारीत होत नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. म्हणजे आपल्या रांजणात, हौदात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या ड्रममध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. पुरुष कर्मचारी तपासणीला येतो तेव्हा काय होतं? तो ओट्यावरून विचारतो, "ताई, पाणी झाकलंय ना?" आपण आतून "हो हो" म्हणतो. तो भिंतीवर खडूने तारीख लिहून जातो. ही बाई मात्र सरळ न्हाणीघरापर्यंत गेली. सासूबाईंनी हातात पाण्याचा तांब्या दिला, सुनेने स्वतः ड्रमची झाकणं उघडली. टॉर्चच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तेव्हा सून ओशाळली, तर ही म्हणाली, "अहो, माझ्या घरीही झाल्या होत्या." पंधरा मिनिटांत त्या घराने जे ऐकलं ते भोंग्यावरून वर्षभर ओरडून ऐकलं नसतं.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा म्हणतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. पाणी भरलं की पुन्हा अळ्या. म्हणून घासणीने कडा घासायला हवी, आणि ती कुणी घासायची हे काय तुम्हाला सांगायला हवं?

आता लातूरकरणी म्हणतील, वा! आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दर आठवड्याला ड्रम ओता म्हणणारे तुम्ही कोण? त्यांचं अगदी खरं आहे. २०१६ चा उन्हाळा आपल्यापैकी कोण विसरलंय? मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांत घराघरांत मिळेल त्या भांड्यात पाणी साठवलेलं असे. टंचाई आणि डास यांचं असं साटंलोटं आहे. पाऊस नाही म्हणून डास नाहीत, हे आपल्याकडे खरं ठरत नाही. अशा गावात 'पाणी ओता' म्हणणाऱ्याला बायका दारात उभं करणार नाहीत. तिथे सांगायला हवं की झाकण घट्ट नसेल तर जुन्या सुती लुगड्याची घडी बांधा, हौदात गप्पी मासे सोडा, आणि ड्रम रिकामा होईल त्याच दिवशी नवं पाणी भरण्याआधी कडा घासा. पाणी भरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यातलीच कुणी या खुर्चीवर असेल तर तिला हे सुचतं.

साथीचा धाक आपल्या भागाला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेहून माणसं जीव मुठीत धरून पळाली, ते अनेकींना आठवत असेल. प्लेगमध्ये आधी उंदीर मरतात, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून नियम असा की उंदीर मारण्याआधी पिसवा मारायच्या. उलटं केलं तर साथ आपणच घरात आणली. पण घरात एकाएकी मेलेले उंदीर दिसतात ते पहिल्यांदा कुणाला? सकाळी केर काढणाऱ्या बाईला. तिने कुणाला सांगावं, आणि सांगितलं तर ऐकून घेणारं कुणी असावं, एवढ्यासाठी ही खाती असतात.

खेड्यापाड्यांतलं चित्र थोडं निराळं आहे. तिथे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या उद्भवांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाही तर हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका. सातत्याने चांगली स्थिती राखणाऱ्या गावाला चंदेरी. आपल्या माहेरच्या गावाला कुठलं कार्ड आहे ते एकदा विचारून बघा, गंमत म्हणून नव्हे. शिवाय टीसीएलने सगळीच दुखणी जात नाहीत. आमच्या जिल्ह्यात किनवटच्या बाजूला काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. हे पाणी उकळलं तर फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट प्रमाण वाढतं. तिथे प्रयोगशाळेचीच तपासणी हवी. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही.

आणि एक विनोद ऐका. उपकेंद्रात बाळ-बाळंतिणीचं काम आरोग्य सेविकेकडे, आणि पाणी-हिवतापाचं काम आरोग्य सेवकाकडे. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीच्या जाहिरातीत त्या पदापुढे कंसात 'पुरुष' असं छापलेलं होतं. डोक्यावर हंडा बाईच्या, आणि हंड्यातलं पाणी तपासायची जागा पुरुषाची! नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाच्या पदाला असा कंस नाही, म्हणून तर ही वाट.

आता वाट कशी, ते. बारावीनंतर साधारण एक वर्षाची स्वच्छता निरीक्षक पदविका असते. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था हा अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालवते. मात्र गल्लीबोळांत 'शासनमान्य' अशी पाटी लावून बसलेल्यांकडे फी भरण्याआधी मागच्या भरतीची जाहिरात काढा आणि कुठलं प्रमाणपत्र चालतं ते अक्षर न् अक्षर वाचा. साडी घेताना दोन्ही पदर उलटून बघतो, इथे तर वर्ष आणि पैसे दोन्ही जायचे असतात. नगरपालिकांची भरती राज्यभर एकत्र होते. नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांच्या जागा वेगळ्या निघतात.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद वरचं, लोकसेवा आयोगामार्फत भरलं जाणारं. त्याला अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी चालते. रसायनशास्त्र असेल तर एम.एस्सी. लागतं. आमच्यासारख्या बी.ए. वाल्यांना हे दार बंद. पण परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, आपल्या घरापासून दोन-तीन तासांवर, आणि बारावीला चांगले गुण मिळालेल्या कित्येक मुलींच्या घरी त्याचं नावही निघत नाही. या अधिकाऱ्याने दुकानातून नमुना घेतला की त्याचे चार भाग करून सील करतात. एक तपासणीला जातो, दोन वरिष्ठाकडे राखून ठेवतात, चौथा दुकानदाराच्या मागणीवरून दुसऱ्या प्रयोगशाळेत. दिवाळीच्या तोंडावर खव्याच्या बातम्या वाचतो, त्यामागे ही सगळी उस्तवार असते.

हे सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये नगरपरिषदांसाठी १,७८२ जागांची जाहिरात निघाली, त्यात स्वच्छता निरीक्षकाच्या जागा होत्या अवघ्या ३५. महिलांचं आरक्षण ३० टक्के धरलं तरी हिशेब तुम्हीच करा. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी काम कंत्राटी, पगार मागेपुढे. पहाटे घर सोडायचं तर मुलांचे डबे आदल्या रात्रीच निम्मे तयार हवेत, किंवा घरातल्या पुरुषाने ओट्यापाशी उभं राहायला हवं. प्लॅस्टिकच्या पिशव्या जप्त केल्या की दुकानदार कुणाचा तरी फोन लावून देतो. आणि गावभर शौचालयं तपासत फिरणाऱ्या त्या बाईला दिवसभरात स्वतःला जाण्यासारखं एक शौचालय सापडत नाही. ती पाणीच कमी पिते. हे तिने मला हसत हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, तेव्हा लग्न झालं, मूल शाळेत जाऊ लागलं म्हणजे गाडी गेली असं समजू नका. २८ मार्च २००६ नंतरच्या जन्मामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर मात्र सरकारी नोकरी मिळत नाही, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आणि आपल्या बायकांची नेहमीची अडचण म्हणजे नाव. पदवी आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, लागत असेल तर राजपत्रात नावबदल करून ठेवा. अर्जाची मुदत थोडी असते, तेवढ्यात ही कागदपत्रं हाती येत नाहीत.

नणंदेच्या मुलीने पदविकेला प्रवेश घेतलाय. फीचे पैसे आईनेच दिले. शेजारणींना मात्र अजून "आरोग्याचा कोर्स करतेय" एवढंच सांगते.